दुसऱ्यातून तिसऱ्यात

तोयर पाठीवर सरकत एस्कॉर्ट गाडीच्या पोटाखाली गेला आणि त्याने धुराच्या पाईपला धरून ठेवणाऱ्या बोल्टवर बोट फिरवलं. बोल्ट नवाकोरा होता. तो त्याने बसवलेला नव्हता.

“शमील, हा पाईप कुणी बदलला?”

बाहेर जावयाचे बूट तेवढे दिसत होते. उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा, मोठ्यानं विचारलं, तेव्हा शमील खाली वाकला.

“आत्ताच सांगितलं ना, बूया. मी बदलला. जुना गंजला होता.”

“मला कसा नाही दिसला गंज?”

शमील उठला आणि काच पुसू लागला.

सव्वीस वर्षं तोयर केपटाऊनबाहेरच्या शर्यतीच्या या सरळ पट्ट्यावर गाडी पळवत होता. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा त्याने कधी लावला नाही. गिअर कधी बदलायचा हे त्याला कान सांगत. पण गेले तीन शनिवार दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अडत होती, जणू मागून कुणी धरून ठेवली आहे. त्याने कार्ब्युरेटर उघडून पाहिला, गिअरबॉक्स पाहिला. काहीच सापडलं नाही. मग त्याचं लक्ष जावयाकडे गेलं. गाडीला हात लावणारा दुसरा होता कोण? आणि त्याची मुलगी फौझिया तर वर्षभर बापाला एकच म्हणत होती, “बूया, आता पुरे करा. शमीलला चालवू द्या.” गाडी मागे पडत राहिली, तर म्हातारा आपणच जागा सोडेल. हिशोब सरळ होता. त्याने गॅरेजची किल्ली स्वतःकडे ठेवली, तरी पाईप बदलला गेला होता. म्हणजे किल्ली काढून देणारी मुलगीही सामील होती.

दुपारच्या पहिल्या फेरीत पुन्हा तेच झालं. वेळनोंदीच्या खिडकीवर मिळालेली चिठ्ठी त्याच्या जुन्या दोस्ताने, गसांतने, डोळ्यांजवळ धरून वाचली.

“पहिले साठ फूट बघ, तुझ्यासारखी गाडी कुणी उचललेली नाही. पुढे कुठे झोपतोस?”

तोयरने चिठ्ठी खिशात टाकली. गाडीपाशी येऊन त्याने हेल्मेट शमीलच्या हातात दिलं.

“पुढची फेरी तू चालव.”

“मी? आज?”

“का? गाडीत काही आहे का, जे तुला ठाऊक आहे?”

शमीलने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि हेल्मेट चढवलं.

पट्ट्याच्या मध्यावर, जिथे दुसऱ्या गिअरचा तिसरा होतो, तिथे तोयर कुंपणाची जाळी धरून उभा राहिला. शेजारी गसांत सामोसा खात होता. शमील काय वेगळं करतो ते इथून लपणार नव्हतं.

हिरवा दिवा लागला. शमीलने क्लच एकदम सोडला, मागची चाकं जागीच फिरली आणि बराच धूर झाला. मग गाडीने जमीन धरली. ती समोर आली तसा गसांतने सामोसा दातांत धरला आणि दोन्ही कान दाबले. गाडीचं नाक किंचित खाली गेलं, वर आलं, आणि ती निघून गेली.

“काय किंचाळते रे,” गसांत तोंड रिकामं करत म्हणाला. “पण पोराने गिअर नेमका बदलला. अगदी टोकाला.”

तोयरच्या छातीत इंजिनाची खालच्या सुरातली घरघर अजून घुमत होती. किंचाळी त्याला ऐकू आली नव्हती. त्याने कुंपणाच्या कडेने पाहिलं. सगळ्यांचे हात कानांवरून आता खाली येत होते. त्याचे दोन्ही हात जाळीवर होते.

शमील चिठ्ठी घेऊन आला. सुरुवात वाईट होती, तरी शेवटची वेळ तोयरपेक्षा सेकंदाने कमी होती.

“गिअर कुठे बदललास?”

“तुम्ही शिकवलंत तिथे. आवाज चिरकला की लगेच.”

तोयरने हात कानापर्यंत नेला आणि खाली घेतला.

“कधीपासून ठाऊक आहे तुला?”

शमीलने हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला.

“ईदच्या आधीपासून. अजान होऊन जायची, तुम्ही गाडीखालीच. फौझिया म्हणाली, जास्त आवाजाचा पाईप लावून बघ, कदाचित येईल ऐकू. सांगायचं दोघांनाही जमलं नाही, बूया.”

आग्नेयेचा वारा सुटला होता. तोयरने चिठ्ठी दोन्ही हातांनी ताणून धरली आणि पुन्हा वरपासून वाचली.

“साठ फुटांना एवढा वेळ? क्लच सोडतोस की फेकतोस?”

“चाकं फिरली हो.”

“फिरणारच. बस आत.”

तो स्वतः शेजारच्या सीटवर बसला. त्याने हँडब्रेक ओढला, शमीलला इंजिन चालू करून पहिला गिअर टाकायला लावला आणि त्याच्या डाव्या गुडघ्यावर तळवा ठेवला.

“सोड हळू. अजून. अजून थोडा.”

गाडीची शेपटी खाली बसली. तळव्याखाली गुडघा बारीक थरथरू लागला.

“हे,” तोयर म्हणाला. “इथे धरायचा. हे ऐकायचं नसतं.”

शमीलने मान हलवली आणि क्लच पुन्हा दाबला. तोयरने हात काढला नाही.