शहाण्णव लिंबं

आमच्या घराण्यात एक नियम आहे. म्यानातून बाहेर आलेलं हत्यार रिकाम्या तोंडी परत जात नाही. काहीतरी कापायचं, मगच म्यान. खापरपणजोबा गायकवाडांच्या घोडदळात होते, तेव्हापासूनचं हे. नियम कडक आहे आणि तो आजवर कुणी मोडला नाही. मोडायची सोयच नव्हती. खापरपणजोबांची तलवार म्यानात गंजून बसलीय, ती माझ्या पणजोबांनाही निघाली नव्हती. खंडेनवमीला आम्ही म्यानाला हळदकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो आणि आत तलवार असेल अशी श्रद्धा ठेवतो.

मग १९९६च्या मार्चमध्ये बडोद्याला, आमच्या तरसालीच्या घरी अंगठ्याने उघडणारं हत्यार आलं.

माझे काका हिंमतराव मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. आयुष्यभर लोकांच्या हत्यारांना धार लावली. आईवडील गावी, पाद्र्याला, म्हणून मी शिकायला काकांकडे. आदल्या वर्षी कारखान्यात जपानी ग्राइंडिंग मशीन आलं आणि ते बसवायला इशिदासाहेब आले. आठ महिने राहिले. काकांना जपानी येत नव्हतं, साहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून दोघं गुजरातीत बोलायचे. साहेबांची गुजराती तीन शब्दांची: ‘केम छो’, ‘बराबर’ आणि ‘नथी चालतुं’. एवढ्यावर अख्खं मशीन बसलं. दर रविवारी ते आमच्याकडे सेवउसळ खायला यायचे. मथुराकाकू त्यांना इशिदाभाई म्हणायची आणि तर्री वाढताना विचारायची, “बराबर?” साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असायचं. ते म्हणायचे, “बराबर.”

जायच्या दिवशी त्यांनी फिक्या लाकडाची एक लांबट डबी आणली आणि ती दोन्ही हातांवर धरून काकांपुढे वाकले. डबीत चाकू होता. आमच्यात चाकू-कात्री हातातून हातात घेत नाहीत, भांडण लागतं. काकांनी हात पाठीमागे बांधले. साहेबांना वाटलं आपण कमी वाकलो. ते आणखी वाकले. काका एक पाऊल मागे सरले. साहेब आणखी वाकले. आता ते काटकोनात आले होते आणि माझ्या मते त्यापुढे जपानी माणसालाही जागा नसते.

काकू आतून पाट घेऊन धावली. “इशिदाभाई, नीचे मूको! नीचे!”

त्यांनी डबी पाटावर ठेवली, काकांनी पाटावरून उचलली. साहेबांनी ते सगळं नीट पाहिलं आणि मग पाटालाही नमस्कार केला.

चाकू त्यांच्या थोरल्या भावाने केला होता. सेकी नावाचं गाव आहे, तिथे सातशे वर्षं पोलादाचंच काम चालतं म्हणे, आणि हा भाऊ एकटा बसून वर्षाला दहा-बारा चाकू करायचा. साहेबांनी खुणांनी निगा शिकवली. महिन्यातून एकदा उघडायचा. मऊ फडक्याने पुसायचा. सोबतच्या बाटलीतल्या तेलाचा एक थेंब पात्याला, एक बिजागरीला. धार गेली तरच दगड, तोही पाण्यात भिजवून. मग बोट उभारून म्हणाले, “खाटुं नथी चालतुं.” आंबट चालत नाही. हे पोलाद गंजतं. स्टेनलेस असतं तर गंजलं नसतं, पण मग अशी धारही आली नसती. ‘खाटुं’ हा चौथा शब्द त्यांनी खास या प्रसंगासाठी शिकून ठेवला होता.

साहेबांची गाडी गेली आणि काकांनी डबी उघडली. काळ्या लाकडाची मूठ, माझ्या कंपासपेटीतल्या फूटपट्टीहून छोटी. काकांनी अंगठा लावला. टक्.

त्या आवाजाबद्दल मी थोडं सांगतो. माझी दहावीची परीक्षा चालू होती आणि मी कशानेच भारावून जायच्या मनःस्थितीत नव्हतो. पण त्या ‘टक्’मध्ये एक शेवट होता. पातं उघडलं असं वाटलं नाही, ते आधीपासून तिथे होतं आणि आपल्याला आत्ता दिसलं असं वाटलं. धारेच्या वर एक लाटेसारखी रेघ होती, दुधावर साय धरताना कड दिसते तशी. मुठीजवळ दोन बारीक अक्षरं कोरलेली. भावाचं नाव. काकूने हात जोडले. मीही जोडले.

मग काकांनी पातं मिटायला बोट लावलं आणि थांबले. भिंतीवरच्या तलवारीकडे पाहिलं.

“मथुरा,” ते म्हणाले, “लिंबू आण.”

“अहो, आत्ताच तर ते म्हणाले, खाटुं…”

“नियम आहे.”

“बटाटा द्या मग.”

“बटाटा बळी जात नाही.”

“का?”

“जात नाही.”

कोहळा चालला असता, पण पावणेतीन इंची पात्याने कोहळा कापणं म्हणजे वाटीने विहीर उपसणं. लिंबू आलं. काकांनी पातं नुसतं टेकवलं. दाब दिलेला मी पाहिला नाही. लिंबू तसंच उभं राहिलं. काकूने विचारलं, “कापलं नाही का?” तेवढ्यात त्याचे दोन भाग सावकाश बाजूला झाले. लिंबाला कळायला वेळ लागला.

आणि बळीचं रक्त निरांजन विझेपर्यंत पुसायचं नसतं. वीस मिनिटं रस पात्यावर राहिला. पुसल्यावर करडे डाग दिसले, धारही बोथटली. पुढच्या अमावास्येला काकांनी चाकू उघडला, दगड भिजवले, डाग काढले, धार लावली, तेल दिलं. आता मिटायचा. मिटायचा म्हणजे लिंबू.

आलं ना लक्षात? निगा राखायला उघडायचा, उघडला म्हणून लिंबू, लिंबू म्हणून डाग, डाग म्हणून निगा. मी हे काकांना एकदा कागदावर गोल काढून दाखवलं. काकांनी गोल नीट पाहिला. “बराबर आहे,” म्हणाले. “इशिदासाहेबांचा नियमही पाळला जातो, आपलाही.”

ते अडाणी नव्हते. पोलादाला आंबट लागलं की काय होतं हे त्यांना बडोद्यात सगळ्यात चांगलं माहीत होतं. पण एका नियमासाठी दुसरा मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तो जो तोटा व्हायचा, तो ते हाताने भरून काढायचे. अमावास्येच्या सकाळी अंघोळ करून बसत. पंखा बंद. वर्तमानपत्र पसरलेलं, मरणाच्या बातम्यांचं पान खाली. आधी भरड दगड, मग मऊ, मग असा दगड की ज्यावरून बोट फिरवलं तर दगड आहे की साबण हे कळू नये. दीड तास. शेवटी डाव्या हातावरचे केस कापून धार बघायची. काकांच्या डाव्या हातावर १९९६ पासून केस नाहीत. उजवा हात अस्वलासारखा. परक्या माणसाला वाटे की दोन वेगवेगळ्या माणसांचे हात आहेत.

फक्त भावाच्या नावावर त्यांनी कधी दगड फिरवला नाही. नावाभोवती नखाएवढी जागा सोडून बाकी पातं लखलखीत करायचे. ती जागा आंबटाने काळीनिळी होत गेली.

असं सात वर्षं नऊ महिने चाललं.

२००३च्या डिसेंबरमध्ये, काकांच्या निवृत्तीनंतर, फोन आला. मी तोवर मोबाईल विकायच्या नोकरीला लागलो होतो आणि इंग्रजी बोलत असे, म्हणून मी घेतला. इशिदासाहेब कामाने अहमदाबादला आले होते. थोरला भाऊ वारला होता. पाठीमागे कुणी नाही, भट्टी बंद झाली, केलेले चाकू जगभर कुठे कुठे गेले. साहेबांकडे भावाच्या हातचा एकही उरला नव्हता. एक बडोद्याला आहे, तो मंगळवारी दुपारी बघायला येऊ का, असं ते विचारत होते.

मी काकांना सांगितलं. ते खाली बसले.

मग उठून व्हर्नियर काढला आणि पात्याची रुंदी मोजली. “आला तेव्हा एकवीस पॉइंट चार मिलीमीटर होता,” ते म्हणाले. “आता अठरा पॉइंट पाच.”

“म्हणजे?”

“दर अमावास्येला तीन शतांश गेले. शहाण्णव अमावास्या.”

“शहाण्णव कुळी, शहाण्णव लिंबं,” मी म्हणालो. कुणी हसलं नाही. मीही हसलो नसतो.

“समऱ्या, त्या माणसाचा भाऊ गेला,” काका म्हणाले. “जे राहिलं ते आपल्याकडे होतं. ते मी जवळजवळ तीन मिलीमीटर घासून गटारात सोडलं. आता त्याला काय दाखवू?”

आयुष्यात पहिल्यांदा मला विनोद सुचला नाही. मग सुचला, पण मी तो बोललो नाही, हेही पहिल्यांदाच.

मंगळवारी काकांनी घरातली सगळी लिंबं शेजारच्या संयोगिताताईंकडे पोचवली. साहेबांच्या नजरेला एकही पडायला नको. काकूने सेवउसळसुद्धा लिंबाशिवाय वाढली.

इशिदासाहेब आले. केस पांढरे झाले होते. “केम छो,” म्हणाले. काकांनी डबी पाटावर ठेवली. साहेबांनी पाटाला नमस्कार केला, चाकू उचलला, अंगठा लावला. टक्.

त्यांनी पातं उजेडाकडे धरलं. धारेकडे पाहिलं, पाठीकडे पाहिलं. तीन मिलीमीटर कमी आहे हे त्यांना पहिल्याच क्षणी दिसलं असणार, ते मशीन लावणारे होते. काका भिंतीला टेकून उभे होते, शाळेत उभं करतात तसे. मग साहेबांचा अंगठा मुठीजवळच्या त्या काळ्यानिळ्या नखाएवढ्या जागेवर आला. दोन अक्षरं. कालच कोरल्यासारखी खोल.

ते इंग्रजीत हळूच काहीतरी म्हणाले. मी काकांना सांगितलं, “विचारतायत, इथे दगड का नाही लावला?”

“ते भावाचं काम आहे,” काका म्हणाले. “बाकीचं माझं.”

मी तसंच सांगितलं. साहेबांनी डोळे मिटले. मग त्यांनी चाकू मिटायला बोट लावलं.

“नथी चालतुं!” काका ओरडले.

साहेबांचं बोट जागेवर थांबलं. आता सांगावंच लागलं. मी खापरपणजोबांपासून सुरुवात केली. तलवार दाखवली. लिंबू, निरांजन, गोल, शहाण्णव, सगळं सांगितलं. साहेब ऐकत होते, हातात उघडा चाकू. शेवटी म्हणाले, “मग लिंबू आणा.”

घरात लिंबू नव्हतं. संयोगिताताई कुलूप लावून नागरवाड्याला माहेरी गेल्या होत्या.

साहेबांनी थोडा विचार केला आणि डाव्या हाताचा अंगठा धारेपाशी नेला.

“अहो, पाहुण्याचं रक्त?” काका पुढे धावले. “माझा घ्या.” आणि त्यांनी आपला अंगठा पुढे केला. साहेबांनी मान हलवली. काकांनी मान हलवली. दोघं पासष्टीचे गृहस्थ एका चाकूभोवती अंगठे उभारून एकमेकांना विनंत्या करत होते, आणि मी मध्ये दुभाषा. भाषांतर करण्यासारखं काहीच नव्हतं.

“ठेवा ते अंगठे खाली!” काकू स्वयंपाकघरातून आली. हातात बरणी. “घरात लिंबू म्हटलं तर एवढंच आहे.”

लिंबाचं लोणचं होतं. दोन वर्षं मुरलेलं. आंबट, वर मीठ. पोलादाला याहून वाईट काही करायचं असेल तर ते समुद्रात टाकावं लागेल. काकांचा चेहरा पडला.

इशिदासाहेबांनी बरणीत वाकून पाहिलं. वास घेतला. एक फोड पाटावर काढली, आणि भावाच्या चाकूचं पातं तिच्यावर नुसतं टेकवलं. फोड थोडा वेळ तशीच राहिली. मग दोन झाली. एक त्यांनी तोंडात टाकली, दुसरी काकांपुढे सरकवली. काकांनी खाल्ली. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते लोणच्याचं होतं की नाही हे मी विचारलं नाही.

“बराबर?” काकूने विचारलं.

“बराबर,” साहेब म्हणाले.

निरांजन लावलं. वीस मिनिटं आम्ही चौघं पाटाभोवती बसून होतो. पात्यावरचा तिखटमिठाचा रस काळा होताना दिसत होता आणि कुणी हात पुढे केला नाही. असं काही मी देवळातही पाहिलेलं नाही. ज्योत गेल्यावर साहेबांनी स्वतः पातं पुसलं, तेल लावलं, मिटलं. काकांनी डबीचं झाकण लावलं आणि पाट साहेबांकडे सरकवला. “घेऊन जा,” म्हणाले. “तुमच्या भावाचा आहे.”

साहेबांनी पाट परत सरकवला. मग खिशातून पेन काढून मला काहीतरी विचारलं.

“काका, विचारतायत, अठरा पॉइंट पाच किती दिवस पुरेल?”

काकांनी मनात भागाकार केला. “सहाशे सोळा लिंबं. म्हणजे पन्नास वर्षं. शेवटची दहा दात कोरायला.”

मी ते सांगितलं. साहेब पाटापुढे वाकले, काटकोनात, आणि बराच वेळ तसेच राहिले.

लोणच्याचे डाग काढायला पुढच्या अमावास्येला साडेतीन तास लागले. काकांचा हात आता कापतो, त्यामुळे गेली काही वर्षं दगड मी धरतो. काका शेजारी खुर्चीत बसून “दाब नको देऊ” म्हणत असतात. परवा ऑफिसात एकाने विचारलं, तुझ्या डाव्या हाताला काय झालंय रे? म्हटलं, काही नाही, पंधरा पॉइंट नऊ राहिलंय.