जवळच्या मैत्रिणीबद्दल

दारात जुनी मैत्रीण पूनम दिसली आणि सुनयना उंबऱ्याबाहेरच थबकली. पूनमचं सासर तलमडुगूकडं आहे एवढं तिला ठाऊक होतं, पण बायकांच्या आरोग्याच्या सर्व्हेत नेमकं हेच घर निघेल असं वाटलं नव्हतं. ओळखीच्या बाईची मुलाखत घ्यायची नाही, असा नियम होता. ओळख सांगितली असती, तर सोबतच्या सुपरवायझर दमयंतीताईंनी स्वतःच प्रश्न विचारले असते. दमयंतीताई सुनयनाच्या नवऱ्याची आतेबहीण. त्यांनी खोदून विचारलं असतं.

सुनयनानं हळूच मान हलवून नको म्हटलं. पूनमचा उजळलेला चेहरा उतरला. "या बाई," ती परक्यासारखी म्हणाली.

घरची माणसं कापूस वेचायला गेली होती. दमयंतीताई काम तपासायला शेजारीच बसल्या. गर्भ पाडल्याचं बायका स्वतःबद्दल सांगत नाहीत, म्हणून या सर्व्हेत नाव न घेता सगळ्यात जवळच्या मैत्रिणीबद्दल विचारायचं होतं. सुनयनानं नवऱ्याला न कळवता गोळ्या घेतल्या होत्या, त्या पूनमच्याच माहेरी. दिवसभर पूनमनंच तिला सांभाळलं. नंतर मात्र लाजेपायी सुनयनानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

"त्या मैत्रिणीनं कधी गर्भ पाडण्यासाठी काही केलं होतं का?" सुनयनानं टॅबवरून नजर न काढता विचारलं.

पूनमनं सरळ तिच्याकडं पाहिलं.

"हो. गोळ्या घेतल्या होत्या."

"त्रास झाला?"

"लय रगत गेलं. दवाखान्यात जाऊ म्हटलं, तर मलेच शपथ घातली."

"तिच्या नवऱ्याला माहीत आहे?"

"नाही."

सुनयना एकेक उत्तर नोंदवत गेली. प्रश्न संपले तशी पूनम म्हणाली, "आता बोलत नाही ते माझ्यासंग. काऊन, हे नाही विचारत का तुमी?"

"तसा प्रश्न नाही यात," सुनयना म्हणाली.

जीपमध्ये दमयंतीताई खूश होत्या. बाई किती मोकळी बोलली, म्हणाल्या. मग म्हणाल्या, ती मैत्रीण कसली बाई असेल, नवऱ्यापासून एवढं लपवणारी.

सुनयनानं टॅब बंद करून पिशवीत ठेवला.

"उद्या ट्रेनिंगमध्ये नव्या मुलींना हीच मुलाखत करून दाखव," दमयंतीताई म्हणाल्या. "प्रश्न मी विचारते. उत्तरं तू दे."

"बरं," सुनयना म्हणाली.