पाण्याच्या वेळा

दोन नंबरच्या डिस्कचा दिवा पुन्हा लाल झाला, तेव्हा दत्ताराम पाटलांना कामावरून काढून तिसरा दिवस होता.

नीलिमाने वहीत वेळ लिहिली, अकरा बावीस, आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. डॉ. जयकुमार मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले, "जाता जाता काहीतरी करून गेला असणार."

"तीन दिवसांनी बिघडेल असं?"

"मग तुम्हीच सांगा. फिजिक्स तुम्ही शिकलाय."

पूनम सागर सोसायटीतल्या त्या स्कॅन सेंटरचे कॉम्प्युटर नीलिमा अकरा वर्षं सांभाळत होती. काढलेल्या प्रत्येक स्कॅनची एक प्रत मागच्या खोलीतल्या बॅकअपच्या पेटीत जायची. पेटीत चार डिस्क; रात्री सेंटरबरोबर पेटीही बंद. जूनपासून त्यातली एखादी मध्येच गळायची. दिवा लाल, प्रत अर्धवट. काढून पुन्हा बसवली की चालू. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी तीन-तीन दिवस काहीच नाही. कंपनीचा भूपेश यायचा, डिस्क अंधेरीला न्यायचा, तपासायचा आणि तीच परत आणून सांगायचा की डिस्क एकदम ओके आहे, आपके यहाँ कोई हाथ लगाता होगा.

हा 'कोई' शोधायला डॉक्टरांनी नीलिमाकडे बिघाडाच्या वेळांचा तक्ता मागितला. तिने दिला. नीटनेटका, मिनिटासकट, चौतीस नोंदींचा. डॉक्टरांनी तो कॅमेऱ्याशी ताडून पाहिला. चौतीसपैकी एकतीस वेळा त्या सुमाराला मागच्या खोलीत एकच माणूस शिरताना दिसत होता. दत्ताराम, हातात बादली.

त्यांना सगळ्यांसमोर उभं करून विचारलं गेलं. ते म्हणाले होते, "मी पानी भराया जातो, सायेब. त्या डब्याला माजा हात लागला न्हाय."

"एकतीस वेळा, दत्ताराम? पाणी एकतीस वेळा नेमकं त्याच टायमाला?"

भूपेश हसला होता. बावीस वर्षं शटर उघडणाऱ्या माणसाने कमरेच्या किल्ल्या सोडून टेबलावर ठेवल्या. नीलिमाने तक्ता फाइलला लावला. आकडे तिचे होते आणि ते खोटे नव्हते.

दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे ती घरी मुलीला, इशिताला, दहावीच्या पुस्तकातून शिकवत होती.

केबिनमधून ती सरळ मागच्या खोलीत गेली. लाल दिवा तिला नेहमी स्वतःच्या स्क्रीनवर दिसायचा. पोचायला पाच-दहा मिनिटं जायची, तोवर खोली शांत असायची. आज खोलीत पाण्याचा आवाज होता. एजन्सीच्या नव्या माणसाने नळ सोडून ठेवला होता आणि पिंप उतू जात होतं. नळ बंद करायला ती वाकली, तोल सावरायला भिंतीला हात टेकला, आणि तसाच ठेवला.

भिंत थरथरत होती.

पलीकडे सोसायटीचा पंप होता. जूनमध्ये मोठी मोटर आणून याच भिंतीला बोल्टने आवळली होती. महापालिकेचं पाणी दीड-पावणेदोन दिवसांनी यायचं, दर वेळी वेगळ्या तासाला. आलं की वॉचमन मोटर लावायचा आणि दत्ताराम पिंप भरायला यायचे. भिंतीला टेकलेल्या पेटीत फिरणाऱ्या डिस्क, आणि त्यांच्यावरच्या केसाहून बारीक रेघा वाचणारी सुई; भिंत हलली की ती रेघ चुकणार. अंधेरीत त्या ओके निघणारच. अंधेरीत ही भिंत नव्हती.

नळावर एक कॅलेंडर होतं. ते तिने शेकडो वेळा पाहिलं होतं, वाचलं कधीच नव्हतं. चौकोनांत पेन्सिलीने लिहिलेलं: पानी ३.१०. पानी ७.४५. तिने ते उतरवलं आणि तक्त्याशेजारी ठेवलं. जिथे पाणी नाही, तिथे बिघाड नाही. एकदाही नाही. कॅमेऱ्यात दत्ताराम न दिसलेल्या तीन तारखांना 'रजा' लिहिलं होतं आणि खाली 'वॉचमनला इचारून' पाण्याची वेळ. त्या तीन वेळा डिस्क कुणी पाडली, हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनेही नाही.



पुढचं पाणी दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीनंतर, त्याच्या पुढचं चौथ्या दिवशी संध्याकाळी येईल, असा तिने हिशेब मांडला. चौथ्या दिवशी साडेपाचला डॉक्टर आणि भूपेशला तिथे उभं केलं आणि पेटीवर काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवला. मोटर लागली. पेल्यात वर्तुळं उमटली. अकराव्या मिनिटाला दिवा लाल झाला.

"व्हायब्रेशन," भूपेश म्हणाला. "मैंने तो पहले ही बोला था सर, जगह सही नहीं है."

डॉक्टर खूश झाले. पेटी रिसेप्शनमागे हलवायला सांगितली.

"आणि दत्ताराम?"

"एजन्सीचा माणूस आलाय ना आता. परत बोलावलं तर आपण चुकलो असं दिसेल, मॅडम."

"चुकलोच आहोत."

"रिपोर्टमध्ये ते नको. सोसायटीची मोटर, एवढंच लिहा."

नीलिमाने रिपोर्ट लिहिला. खाली अजून तीन ओळी घातल्या, सही केली आणि दोन प्रती काढल्या. एक डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. दुसरी आणि कॅलेंडर घेऊन रविवारी दत्तारामांच्या गावी, खारीला गेली.

दार त्यांच्या बायकोने, जिजाबाईने उघडलं. पाणी विचारलं नाही. "आख्खी खारी इचारते, काय मोडलं म्हनून त्याला काडला. आता आलाव?"

नीलिमाने कागद पुढे केला. जिजाबाईने घेतला नाही.

"तुमीच वाचा. आत नको. हितं, पायरीवर उबं र्‍हाऊन."

नीलिमा मीटिंगमध्येसुद्धा हळू बोलायची. पायरीवर उभी राहून ती वाचू लागली. मोटर, भिंत, तारखा. समोरची बाई सूप हातात धरून थांबली, बाजूच्या ओट्यावरचे दोघे वळले. "पाण्याच्या सर्व नोंदी श्री. दत्ताराम हरी पाटील यांच्या. त्यांच्यावर ठेवलेला ठपका चुकीचा आहे. तो ज्या तक्त्यावरून ठेवला, तो तक्ता मी केला होता."

शेवटच्या वाक्याला तिचा आवाज खाली गेला.

"मोट्यानं," जिजाबाई म्हणाली.

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं.

मग जिजाबाईने तिला आत घेतलं. तिने दिलेलं कॅलेंडर दत्ताराम मांडीवर घेऊन बसले. त्यांना काढलं त्या दिवसापासूनचे कोरे चौकोन अंगठ्याने एकेक चाचपत होते.

"येवडे दिस पानी कुनी लिवलं न्हाय?" त्यांनी विचारलं.