आधी सलाईन

मास्तरांच्या सासूबाई तीस वर्षं बस स्थानकावर गाड्या पुकारायच्या. आवाज असा, की बाकावर डुलक्या घेणारा माणूस पिशवी सावरून उभाच राहायचा. घरीही तोच आवाज. "जावईबापू, डावी बाही उजवीपेक्षा लांब झालीय!" असं त्या स्वयंपाकघरातून पुकारायच्या, आणि बाहेरच्या खोलीत माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक आपली बाही चाचपायचं. मास्तर खाली मान घालून शिलाई मशीन चालवत राहायचे.

मग सासूबाईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गळ्याला भोक पाडून श्वासासाठी दुहेरी नळी बसवली, बाहेरची कायमची आणि आतली काढून धुवायची, आणि आवाज गेला तो गेलाच. मास्तरांची बायको टपाल खात्यात नोकरीला. मास्तर घरीच शिवणकाम करत, म्हणून दिवसभराची सासूबाई त्यांच्या वाट्याला आली. "सासू गळ्यात पडली म्हणायची," असं कुणी चेष्टेनं म्हटलं, की ते म्हणत, "गळ्यात नाही हो, त्यांचा गळाच माझ्याकडे आलाय."

नळीत कफ साचे. तो मशीनला जोडलेल्या बारीक नळीनं ओढून काढायचा, त्याला सक्शन म्हणायचं. घरी सोडायच्या दिवशी वॉर्डातल्या जुन्या मावशींनी मास्तरांना घाईघाईत शिकवलं होतं. "आधी सिरिंजनं नळीत थोडं सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, सोडायचं. खोकला आला की समजा कफ सुटला. मग ओढायचं." मास्तरांनी ते पक्कं लक्षात ठेवलं. माणूस कामाला चोख. दिवसातून सात-आठ वेळा आधी सलाईन, मग सक्शन.

सलाईन आत गेलं, की सासूबाईंचे डोळे पांढरे व्हायचे. दोन्ही हातांनी त्या पलंगाची कड धरायच्या, अख्खं शरीर उडायचं. एकदा थरथरत्या अक्षरात त्यांनी पाटीवर लिहिलं, 'बुडते.' मास्तर म्हणाले, "आई, तुमच्या भल्याचंच आहे. थोडं सोसा." पुढच्या वेळी त्यांनी सिरिंज हातानं उडवली. मास्तरांनी त्यांचा हात धरून ठेवला आणि सलाईन सोडलं.

पाच महिने हे असं चाललं.

मग घरी येऊन पाहणारी नवी नर्स आली. लहान चणीची, तोंडानं फटकळ. तिनं सासूबाईंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि म्हणाली, "करा, मला बघू दे." मास्तरांनी सिरिंज भरली. आकडा पंच्याण्णव होता. सलाईन सोडलं, खोकला उसळला, आकडा घसरत घसरत सत्त्याऐंशीवर आला. सक्शन झाल्यावरही बराच वेळ तो वर चढेना.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"वॉर्डातल्या मावशींनी. कफ पातळ होतो म्हणून."

"नाही होत. कफात ते मिसळतच नाही. थोडं ओढलं जातं, बाकीचं आतच राहतं, आणि नळीतली घाण खाली फुप्फुसाकडे जाते ती वेगळीच. पूर्वी सगळीकडे करायचे; आता दर वेळी करायला कुणी सांगत नाही. हवेतून ओलावा द्या. दिवसातून चारदा वाफेचं मशीन, नळीच्या तोंडावर ही ओलावा धरणारी टोपी कायम, आणि पाणी भरपूर. जोर लावायचा नाही. अडलंच, तर आधी आतली नळी काढून बघा."

चिमटा तिथेच ठेवून ती गेल्यावर मास्तर पलंगाशी बसले. "आई," ते म्हणाले आणि सिरिंज उचलून बाजूला ठेवली. पाच महिने, रोज सात-आठ वेळा. स्वतःच्या हातानं. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

बायकोला हे पटलं नाही. "अहो, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात काय उगाच शिकवलं असेल? ही कालची पोर!" मास्तरांनी सलाईन बंद केलं ते केलंच. पण मनात धाकधूक होती. सक्शनची नळी आत घालताना जीव मुठीत धरून घालत. कफ जरा चिकट दिसला, की बाटलीकडे हात जाई आणि मागे येई.

अकराव्या दिवशी दुपारी ते घडलं. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर होतं. सकाळी कफानं भिजलेली टोपी मास्तरांनी काढून टाकली. नवी लावणार, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक गेलं आणि ते थेट मशीनवर बसले. वाफ द्यायचीही राहून गेली. बाहेर कोरडा वारा सुटला होता, पंखा गरगरत होता. साडेतीन तास त्या उघड्या नळीतून कोरडी हवा आत जात होती, आणि मास्तर कॉलर बसवत होते.

पलंगाचा खडखडाट ऐकून ते धावले. सासूबाई उठून बसल्या होत्या. नळीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता, ओठ काळवंडले होते, गळ्याची शीर ताठ झालेली. चिमट्यावर एक्क्याऐंशी. मास्तरांनी सक्शनची नळी घातली. चार बोटं गेली आणि अडली. पुन्हा घातली. पुन्हा अडली. एकोणऐंशी.

मास्तरांनी सक्शनची नळी टाकून दिली. त्यांनी सलाईनची बाटली उचलली, सिरिंज भरली. आता नाही तर कधी? बायकोचंच खरं होतं, त्या पोरीचं ऐकून आपण म्हातारीचा जीव घेतला! सिरिंज नळीच्या तोंडाशी आली, तेव्हा सासूबाईंनी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट पकडलं. त्या हातांत जोर उरला नव्हता. झटकले असते तर सुटले असते. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. पाच महिने ज्यांचे हात त्यांनी दाबून धरले होते, त्या नुसती मान हलवत होत्या. नाही. नाही.

'आधी आतली नळी.'

सिरिंज खाली पडली. बाहेरची नळी एका हातानं घट्ट धरून त्यांनी आतल्या नळीची खीळ फिरवली. हलेना. बहात्तर. "आई, जाऊ नका हो," ते ओरडत होते, "आई, थांबा!" एकदम नळी सुटली आणि हातात आली. तिचं टोक सुकलेल्या पिवळ्या कफानं बुचासारखं बंद झालं होतं. सासूबाईंच्या गळ्यातून फस्सकन हवा आत गेली. एकदा. मग पुन्हा. मास्तरांनी डबीतली धुतलेली नळी बसवली. खीळ बसली की नाही, हे त्यांनी तीनदा चाचपलं. सक्शनची नळी या वेळी सरळ आत गेली आणि जाड कफाची लडी घेऊन आली.

आकडा नव्वदवर यायला किती वेळ लागला, ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी टोपी लावली, वाफेचं मशीन लावलं, नर्सला फोन केला आणि तिथेच फरशीवर बसकण मारली.

नर्स आली, छाती तपासली. "सलाईन बंद केल्यानं नाही झालं हे," ती म्हणाली. "ओलावा तुटला म्हणून झालं. टोपी कुठे होती?"

"मी लावली नाही."

ती नवी टोपी नीट बसली आहे का ते बघायला वाकली. तिनं रागवायला हवं होतं, असं मास्तरांना वाटलं.

संध्याकाळी बायकोनं ऐकलं आणि ती रडायलाच लागली. "माझ्या आईला माझ्या माघारी तुम्ही..." इतकंच म्हणाली. मास्तरांनी काही सफाई दिली नाही. सलाईनचंही नाही आणि टोपीचंही नाही. दोन्ही त्यांचंच होतं.

आठच्या सक्शनची वेळ झाली. बायकोनं हात धुतले, नळी उचलली आणि पुन्हा ठेवली. "मला नाही जमत हो."

सासूबाईंनी डोळे उघडले. आधी लेकीकडे पाहिलं, मग जावयाकडे. मग हनुवटी वर करून गळा मोकळा केला, आणि वाट बघत राहिल्या.

मास्तर उठले. त्यांनी हात धुतले, नळी उचलली, आणि बायकोनं त्यांच्या मनगटाला आधार दिला.