शुद्धीचं बटण

आदितीच्या केकच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असायचं : पूर्ण बिनअंड्याचा. राजारामपुरीतल्या त्या फ्लॅटमध्ये चार वर्षांत अंडं शिरलंही नव्हतं. सासूबाई अक्काताई रोज बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवदर्शन झाल्याशिवाय चहालाही शिवायच्या नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं फोडायची कुणाची छाती होणार?

आदितीची झाली. बालमैत्रीण क्रांतीनं लेकीच्या वाढदिवसाला अंड्याचाच केक हवा म्हणून गळ घातली. अक्काताई नेमक्या दोन दिवस कागलला लेकीकडे गेलेल्या, नवरा जिनेश कामासाठी बाहेरगावी. नाही म्हणायला आदितीला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. तिनं केक केला. तो फुगून नॉनस्टिक ट्रेबाहेर आला आणि थोडा ओव्हनच्या तळावर सांडून करपला.

केक क्रांतीकडे गेला, डाग राहिला. तिनं ओव्हन तीनदा पुसला. पण पुसून निघतो तो डाग, विटाळ कसा निघणार, असं तिच्या मनानं घेतलं. परवापासून पर्युषण, दहा दिवसांचं व्रताचं पर्व. याच ओव्हनमध्ये ती आत्यांची नाचणीची बिस्किटं भाजायची. सासूला ती आत्या म्हणायची.

ओव्हनला आपोआप साफ व्हायचं बटण होतं. ते दाबलं की दार आपसूक कुलूपबंद होतं, आतली उष्णता पाचशे डिग्रीच्या आसपास जाते आणि चिकटलेल्या सगळ्याची राख होते. म्हणजे अग्नीनं शुद्धी. आदितीला हे फारच पटलं. इतकं पटलं, की अंड्याचा ट्रेही तिनं शुद्ध व्हायला आतच ठेवला.

ओव्हन बसवायला आलेल्या पिराजीनं तेव्हाच बजावलं होतं. "वैनी, हे बटण दाबायच्या आदी आतली जाळी, ट्रे समदं भायेर काढायचं. खिडक्या उघड्या टाकायच्या. आन् ते पाखरू हाय न्हवं, त्येला दुसऱ्याच्या घरी ठिवायचं. नॉनस्टिकचा धूर दिसत न्हाय, पर पाखराला सोसत न्हाय."

पाखरू म्हणजे पिवळी. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेली ही लव्हबर्ड गॅलरीच्या जाळीवर धापा टाकत बसली होती. एक पंख कायमचा अधू. सोडली तर कावळे खातील म्हणून अक्काताईंनी ठेवून घेतली. पिंजऱ्याचं दार दिवसभर उघडंच असायचं. अक्काताई जपाला बसल्या की पिवळी त्यांच्या खांद्यावर जाऊन बसायची.

आदितीला पिराजीचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. शब्द न् शब्द आठवत होता. पण खिडक्या उघडल्या तर करपलेल्या अंड्याचा वास शेजारच्या धोंडुबाईंकडे जाणार, आणि बुधवार-रविवार मटणाची फोडणी देणाऱ्या त्या बाईला अंड्याचा वास न ओळखायला काय झालं? पिंजरा त्यांच्याकडे ठेवावा, तर त्या कशाला म्हणून विचारणार, आणि संध्याकाळी आत्यांना सगळं सांगणार. म्हणून तिनं घराच्या खिडक्या लावून घेतल्या, पिवळीचा पिंजरा मागच्या खोलीत नेला, दार ओढलं आणि बटण दाबलं.

तासाभरात तिचेच डोळे चुरचुरायला लागले. घाबरून तिनं ओव्हन बंद केला, पण दार काही उघडेना. आतलं गार झाल्याशिवाय ते उघडतच नव्हतं. ती मागच्या खोलीकडे धावली. पिवळी पिंजऱ्याच्या तळाशी कागदावर पडली होती, चांगला पंख अर्धवट पसरलेला. आदितीनं तिला तळहातावर घेतलं, तोंडाशी पाणी नेलं. मग सगळ्या खिडक्या उघडल्या. आता उघडून काय उपयोग होता?

संध्याकाळी अक्काताई आल्या. आदिती तोंड उघडणार तोच पिंजऱ्यातली निपचित पिवळी बघून त्या तिथंच मटकन बसल्या.

"माझंच चुकलं गं," त्या म्हणाल्या. "जाताना डब्याच्या तळचा राळ्याचा दाणा घातला मी तिला. बुरशी धरलेला असंल. घाईत बघितलाच न्हाय."

आदितीनं तोंड मिटलं. तेवढंच करायचं होतं, आणि ते तिला छान जमलं.

अक्काताईंनी प्रायश्चित्त म्हणून पर्वाचे दहाही दिवस एकभुक्त राहायचा नेम घेतला. वय चौऱ्याहत्तर, त्यात साखरेचा आजार. पाचव्या दिवशी त्यांना बस्तीच्या पायऱ्यांवर चक्कर आली. आदिती रोज दुपारी त्यांचं एकमेव ताट वाढायची आणि रोज ठरवायची, आज सांगायचं. स्वतःची तिला किळस यायची. तरी ती भाजीच वाढायची.

पर्व संपलं. क्षमावाणीचा दिवस उजाडला. या दिवशी लहानथोर सगळेच एकमेकांची माफी मागतात. आदितीनं नेम सोडायला साग्रसंगीत ताट वाढलं. अक्काताई आल्या, रिकाम्या पिंजऱ्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या, मग तेच हात सुनेपुढे जोडून म्हणाल्या, "वर्षभरात काय दुखावलं असंल तर उत्तम क्षमा."

आदितीनं ते हात धरले आणि रडत रडत सगळं सांगितलं. केक, ट्रे, बटण, पिराजी, खिडक्या. काही गाळलं नाही.

अक्काताईंनी रिकाम्या पिंजऱ्याकडे पाहिलं.

"खिडकी लावलीस ती कुणाला कळू नये म्हणून?"

"तुम्हाला, आत्या."

"अंडं केलंस म्हणून सांगितलं असतंस, तर चार दिवस बोलले नसते मी तुझ्याशी. पाचव्या दिवशी बोललेच असते की." त्यांनी हात सोडवून घेतले. "तेवढ्या चार दिवसांपायी पाखरू गेलं."

"माझी चूक आहे. तुम्ही आता जेवा."

"राळ्यापायी दहा दिवस केलं. ते काय खरं न्हवतं. आता आणखी दहा दिवस करते." त्यांनी ताटाकडे पाठ फिरवली. "माझा धाक एवढा हाय, ते मला ठावंच न्हवतं."

आदितीनं ताटावर ताट झाकलं. ते दिवसभर तसंच राहिलं.