चावी कोणी घेतली

फोन वाजला तेव्हा त्याने आधी रिमोटवरचं लाल बटण दाबलं आणि मग फोन उचलला. ही शिस्त बायकोची. मालिका चालू असताना फोन आला तर लाल बटण दाबायचं, म्हणजे पुढचं सगळं रेकॉर्ड होतं, काही चुकत नाही. फोन दवाखान्यातून होता. नर्सने लगेच या म्हणून सांगितलं. का ते बोलली नाही, पण "सोबत कोणाला तरी घेऊन या" असं दोनदा म्हणाली, त्यावरून त्याला कळलं. त्याने घराला कुलूप लावलं. आत टीव्ही तसाच बोलत राहिला.

त्याआधीचे अकरा दिवस एकाच रीतीने गेले होते. चारला मालिका बघायची आणि सहाला, दवाखान्यात भेटायच्या वेळी, बायकोच्या खाटेजवळ बसून तिला सांगायची. चाळीस वर्षं त्याने शिलाई मशीन दुरुस्त केली होती. स्क्रू हातात घेतला की कुठल्या मशीनचा ते सांगायचा. मालिकेतल्या माणसांत मात्र रोज घोळ.

"रडत कोण होती? मोठी सून की धाकटी?"

"ती गं, नाकात बोलते ती."

"दोघी नाकात बोलतात. तुम्ही मालिका बघता की डुलक्या काढता?"

शेवटच्या दोन दिवसांत मालिकेतल्या तिजोरीची चावी नाहीशी झाली होती. धाकट्या दिराने घेतली, असं ती छातीठोकपणे म्हणाली. तो म्हणाला, स्वयंपाकीणबाईने. त्यावर ती हसली आणि हसता हसता तिला खोकला आला.

"आजवर तुमचं एक तरी बरोबर निघालंय? उद्या नीट बघून या."

आता या गोष्टीला दोन महिने होत आले होते. केबलवाल्याने गल्लीतल्या जुन्या तारा काढायला घेतल्या होत्या आणि सेटटॉप बॉक्स शनिवारपर्यंत परत आणून द्या, असा निरोप घरोघर पाठवला होता. मुलीने लांबूनच पुठ्ठ्याचं एक खोकं धाडलं. त्यात छतावर लावायचा अँटेना, वेटोळं केलेली केबल, भिंतीत ठोकायच्या क्लिपा, वायफायचा राउटर, टीव्हीला मागून लावायची अंगठ्याएवढी एक स्टिक, तिचा अडॅप्टर आणि आणखी एक रिमोट. माहितीपत्रकात शब्द कमी आणि बाण जास्त. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि वर्तमानपत्राखाली सारलं.

रोज संध्याकाळी मुलीचा फोन.

"बाबा, जोडलं का?"

"केबल आखूड पडते."

दुसऱ्या दिवशी त्याने पिना बसत नाहीत म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी अक्षरं बारीक आहेत म्हणाला.

"अहो बाबा, तुम्ही आख्खं मशीन सुटं करून परत जोडता. ही चार वायरींची गोष्ट आहे. मी माणूस पाठवते."

माणूस आला तो पन्नाशीचा, पोट सुटलेला, पायऱ्या चढून धापा टाकणारा. आल्या आल्या पाणी मागितलं, गच्चीवर जाऊन अँटेना ठोकला, दोनदा खाली हाक मारून "आता दिसतंय?" विचारलं. दिसत होतं. बातम्या दिसत होत्या, शेतीचा कार्यक्रम दिसत होता, सगळं फुकट आणि स्वच्छ. मग खाली येऊन तो टीव्हीच्या मागे वाकला.

"काका, इथे स्टिक लावायला एकच खाच आहे. दुसरी मोडलीय."

"माहीत आहे."

"त्यात जुना बॉक्स बसलाय. तो काढतो."

"काढू नका."

"मग स्टिक कुठे लावू? माझ्या डोक्यावर?"

"एका खाचेत दोन लागतील असं काही मिळत नाही?"

"मिळतं. पण बॉक्स तर शनिवारी द्यायचाच ना? दोन दिवसांसाठी कशाला जोड घेता?" त्याने कंबर सरळ केली आणि टेबलावरचा रिमोट उचलून बॉक्स चालू केला. "बघा, यात तसंही काही नाही. एकच रेकॉर्डिंग. एकतीस तासांचं. अबब. कोणीतरी बटण दाबलं आणि बंद करायला विसरलं, पार भरून बंद पडलाय बिचारा. पुसून देऊ?"

"हात लावू नका त्याला."

आवाज जरा चढलाच. माणसाने रिमोट हळूच खाली ठेवला.

"मालिका असेल तर काळजी नको, काका. स्टिकवर सगळ्या मालिकांचे सगळे भाग असतात. नाव टाका, हजर."

"असू देत. स्टिक मी लावीन. मला येतं."

"येतं तर मला चार जिने कशाला चढवले?" असं म्हणत तो हत्यारं पिशवीत टाकून गेला.

मग त्याने आतून दार लावलं, खुर्ची टीव्हीसमोर ओढली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. मालिका मध्येच चालू झाली. सगळे दिवाणखान्यात उभे राहून एकमेकांकडे बघत होते. भाग संपला, चावी काही सापडली नाही. त्याने "छे" म्हटलं आणि पुढे पळवायचं बटण दाबून धरलं. जाहिराती पळाल्या, गाणी पळाली. बातम्यांच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. त्यात सहा वाजले तेव्हा त्याचं बोट आपोआप सुटलं. बातमीदार कुठल्याशा पुलाबद्दल सांगत होता. तो ती बातमी संपेपर्यंत बसून राहिला.

पुन्हा बटण दाबलं. रात्र गेली. पहाट गेली. कोपऱ्यात साडेनऊ झाले. साडेनऊला तिला घरातून नेलं होतं. तेव्हा या खोलीत किती माणसं होती, आणि टीव्ही कोणीतरी बंद केला होता, पण खालचा बॉक्स कोणाच्या लक्षात आला नव्हता. तो आपला मुकाट्याने जाहिराती साठवत राहिला होता.

दुसऱ्या दिवशीचे चार वाजले. या वेळी तो खुर्चीत पुढे सरकून बसला, कोण मोठी आणि कोण धाकटी ते बोटांवर मोजत. धाकट्या दिराच्या खोलीची झडती झाली. काही मिळालं नाही. मग शेवटी शेवटी स्वयंपाकघर दाखवलं, आणि स्वयंपाकीणबाईने पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून चावी बाहेर काढली.

त्याने तेवढाच तुकडा मागे घेऊन पुन्हा पाहिला. स्वयंपाकीणबाईच होती.

फोन वाजला. त्याचा अंगठा लाल बटणावर गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने फोन उचलला.

"बाबा, झालं का सगळं?"

"अँटेना लागला."

"आणि स्टिक?"

"स्वयंपाकीणबाईने घेतली."

"काय घेतली? स्टिक?"

"चावी."

"कुठली चावी? बाबा, तुम्ही जेवलात का?"

"जेवतो. ठेव आता."

सहाला पाच मिनिटं कमी होती. स्टिक खोक्यात तशीच पडून होती आणि बॉक्स खाचेतून निघाला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं बरोबर निघालं होतं, आणि तेवढं सांगायचं राहिलं होतं.