पट ४१, हजर ४१

मित्रांनो, मी फळा. जुना, हे माझ्या रंगाच्या पोपड्यांवरून तुम्ही ओळखलंच असेल. पंचवटीतल्या एका सुताराने मला घडवलं, तेव्हा हेडमास्तर मला बोटाने वाजवून म्हणाले होते, "हा आपल्याला निवृत्त करून मग जाईल." ते निवृत्त झाले. मी जायचा बाकी होतो.

एकतीस वर्षं मी नाशिकच्या एका शाळेत तळमजल्यावरच्या खोलीत आहे. वर्ग यायचे, वर्षभराने वरच्या मजल्यावर जायचे. एकच वर्ग माझ्याकडे पाचवीपासून दहावीपर्यंत राहिला. त्यातल्या योगिनीला जिना चढता येत नसे, म्हणून शाळेने अख्खा वर्गच खाली ठेवला. रोज माझ्या कोपऱ्यात योगिनीच हजेरी लिहायची. पट ४१, हजर ३८. कधी ४०. सहा वर्षांत माझ्यावर हजर ४१ असं कधी लिहिलं गेलं नाही; शौनक तरी आजारी पडायचा, नाहीतर शौनकची आजी.

दहावीच्या दिवाळीनंतर तो आला. गोरा, विजेवर चालणारा, स्मार्ट बोर्ड. त्याला समोर लावलं आणि मला मागच्या भिंतीला टेकवलं. ज्यांचे चेहरे सहा वर्षं पाहिले, त्यांच्या पाठी पाहू लागलो. वर्गशिक्षिका प्रतिभाबाई कौतुकाने सांगायच्या, "याच्यावर काहीही लिहा. तळहात फिरवला की साफ." एकतीस वर्षं मीही साफच होत होतो, पण ते कुणी कौतुकाने सांगितलं नाही. लाइट गेली की तो नुसता पांढरा पत्रा व्हायचा. मी ते मनातल्या मनात साजरं करायचो.

फेब्रुवारीत निरोप समारंभ झाला. त्या दिवशी मुलं एकमेकांच्या पांढऱ्या शर्टांवर सह्या करतात. शर्टांचाही मी दरवर्षी हेवा करतो. अंगाला न होणारा शर्ट जन्मभर कपाटात जपतात, आणि माझ्यावरचं तासाभरात पुसतात. उन्हाळ्यात मला भंगारात द्यायचं ठरलं होतं. जाण्याआधी या वर्गाने माझ्यावर नावं लिहावीत, एवढीच माझी इच्छा होती.

योगिनी म्हणाली, "शर्ट घरी जातील रे. वर्गात आपलं काय राहणार?"

शौनक मार्कर घेऊन उठला. माझी चौकट फुगली. तो समोर गेला.

"ए, बाई ओरडतील."

"पुसू की जाताना. तळहात फिरवला की साफ."

त्या दिवशी कधी नव्हे ते सगळे आले होते. एक्केचाळीस जणांनी त्या गोऱ्यावर नावं लिहिली. धुतलं तरी जाऊ नये म्हणून शर्टांसाठी मुद्दाम आणलेल्या मार्करने. मग शौनकने तळहात फिरवला. मग रुमाल. मग सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्हाला सहा वर्षं मी शिकवलं ना?" एवढंच प्रतिभाबाई म्हणाल्या. शाळेत झाडलोट करणाऱ्या फुलाबाई मावशींनी भांड्यांची तारेची घासणी आणली. नावं ओरखड्यांत आणखी रुतली आणि बोर्ड बंद पडला तो पडलाच. "लय पक्कं हाय, बाई," मावशी म्हणाल्या. "नाय निघायचं."

भंगार टळलं. मला नवा काळा रंग मिळाला, समोरची भिंत मिळाली. त्याला मागे टांगलं. मी जिंकलो होतो, आणि आता दिवसभर समोर ती एक्केचाळीस नावं पाहत होतो. ज्याच्याकडे ती मुलं चार महिने होती, त्याच्यावर ती कायमची. माझ्यावर सहा वर्षांतलं एक अक्षर नाही.

दहावीचा निकाल लागला तेव्हा योगिनी गुणपत्रिका घ्यायला आली. मागच्या नावांकडे बघून हसली. मग माझ्याजवळ आली, खडूचा तुकडा शोधला आणि कोपऱ्यात सवयीने लिहिलं: पट ४१. थोडं थांबली. हजर ४१.

शाळा उघडायला तेरा दिवस होते. तेवढे दिवस मी मागच्या भिंतीकडे एकदाही पाहिलं नाही.

मित्रांनो, फळा ओल्या फडक्याने पुसावा, त्यावर खिळे मारू नयेत, हे मी सांगायला हवं. तेही पाळा. पण शेवटच्या दिवशी कोपरा तेवढा पुसायचा विसरा.